घाडीच्या सीटमधलं सोनं

जयवंत घाडीने आपल्या बुलेटची सीट काढली, गोणपाटात गुंडाळली आणि काखेत मारून तो सोसायटीच्या गेटबाहेर पडला, तेव्हा धाकू राणे दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चहा पीत होते. त्यांनी कप कठड्यावर ठेवला. माणूस गाडीची सीट काढतो, ठीक आहे. दुरुस्तीला नेतो, तेही ठीक आहे. पण गोणपाट कशाला? आणि गेटबाहेर पडताना मागे वळून वर का बघितलं?

"अगो, ऐकलंस?" ते आत तोंड करून म्हणाले. "जयवंतान सीट नेल्यान."

"मगे?" जानकीबाई तांदूळ निवडत होत्या. "तेची सीट, तो नेतलो. तुमची खुर्ची नाय ना नेल्यान?"

राण्यांची नजर गेटावरच होती. एकतीस वर्षं त्यांनी गोदीच्या गेटावर झडती घेण्यात घालवली होती. कामगारांचे डबे, छत्र्या, धोतराचे सोगे, थर्मास, सगळ्यात त्यांचा हात जाऊन आला होता. सापडायचं ते बहुतेक साबणाच्या वड्या नाहीतर नटबोल्ट. पण एकदा एका खलाशाच्या बुटाच्या पोकळ टाचेतून त्यांनी चार परदेशी घड्याळं काढली होती. त्याबद्दल मिळालेलं शाबासकीचं पत्र काचेत घालून गणपतीच्या शेजारी टांगलेलं होतं आणि सणासुदीला त्यालाही हार चढायचा. या नोकरीतून राण्यांनी एकच तत्त्व घरी आणलं होतं. सरळ दिसणारा माणूस दोनदा तपासावा. निवृत्त होऊन मुलुंडला राहायला आल्यापासून तपासायला दूधवाला आणि भाजीवाली एवढेच उरले होते. जानकीबाई तर बाजारातून आल्या की कोणी सांगायच्या आत पिशवी उलटी करून दाखवायच्या.

जयवंत तळमजल्यावर एकटाच राहायचा. वय बत्तीस. दोन वर्षांपूर्वी संपात त्याची गिरणी बंद पडली ती पडलीच, मग तो भांडुपच्या एका कारखान्यात लागला. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. मिशी फुटल्यावरही बसचे कंडक्टर त्याला अर्धं तिकीट फाडायचे. सोसायटीत सगळे त्याला 'जयू' म्हणायचे, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेलेसुद्धा. दोन महिन्यांपूर्वी त्याने ही बुलेट आणली, तेव्हा तो म्हशीशेजारी उभ्या राहिलेल्या वासराएवढा दिसायला लागला. सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा तेंडोलकर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "जयू, गाडी घेतलीस ते बरं केलंस. शिडी घ्यायची राहिली काय रे?" लोक हसले. जयवंतही हसला. तो नेहमीच हसायचा. राण्यांना ते हसूच खटकत होतं. शिवाय संपात होरपळलेल्या माणसाकडे बुलेट आली कुठून, हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं.

चार दिवसांनी सीट परत आली. राणे कचरा टाकायच्या निमित्ताने खाली गेले. सीटचा पुढचा भाग आता पातळ झाला होता आणि दोन्ही बाजूंनी कातरल्यासारखा निमुळता. पण मधोमध, चालवणारा बसतो त्याच्या पाठीमागे, दोन विटांएवढा एक उंचवटा आला होता. असा उंचवटा राण्यांनी कुठल्याही मोटरसायकलला पाहिला नव्हता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि बोटाच्या पेराने वाजवला. वरून मऊ. आतून ठक्क.

तेवढ्यात जयवंत आला. "काय काका?"

"काही नाही. हे काय नवीन?"

जयवंतचा चेहरा लाल झाला. "काही नाही काका. असंच." आणि घाईघाईने त्याने गाडीवर कापड ओढलं, दोरीने घट्ट बांधलं.

सरळ माणूस 'असंच' म्हणत नाही, हे राण्यांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी घाटकोपरहून चंद्रप्रकाश नावाचा मेकॅनिक आला. त्याने बुलेटचं हँडल वाकवून मागे आणलं, पाठीमागचे दणके खाणारे शॉकॲब्सॉर्बर काढून आखूड बसवले. राणे जिन्याच्या वळणावर चप्पल दुरुस्त करत बसले होते. चप्पल धड होती. खालचं बोलणं मात्र स्पष्ट ऐकू येत होतं.

"आतलं होतं ते सगळं काढून टाकलं," चंद्रप्रकाश सांगत होता. "मधे काय घातलंय ते तुला माहीत नि मला माहीत."

"बाहेरून कळणार नाही ना कोणाला?" जयवंतने आवाज खाली आणला.

"कोणाच्या बापाला कळणार नाही."

"नाही, मागच्या वेळी महाडलाच वाट लागली होती ना माझी. तिथूनच मागे फिरलो. या वेळी काही करून देवगडला पोचलंच पाहिजे. आई तिकडे वाट बघतेय."

"पोचशील रे. झकास पोचशील."

राणे चप्पल हातात घेऊन अनवाणीच वर आले. आता सगळं जुळत होतं. मागच्या वेळी महाडला नाकेबंदी लागली असणार. देवगड म्हणजे समुद्र. आणि आईसुद्धा यात आहे.

"जानके," त्यांनी दार लावून घेतलं. "सोना आसा. सीटीत."

जानकीबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "अहो, सोना देवगडच्या दर्यातसून मुंबयत येता. मुंबयतसून देवगडाक कोण नेता?"

"तोच तर कावो. कोणाक संशय येऊचो नाय म्हणान उलट्या वाटेन नेता."

"तुमका डोळ्याक औषध घालूक सांगितल्यान डॉक्टरान. डोक्याक पण इचारा काय तरी."

पण दोन दिवसांनी जे दिसलं त्यापुढे जानकीबाईंचं बोलणं राण्यांच्या कानात शिरणं शक्यच नव्हतं. जयवंत नवे बूट घालून आला. सोल चांगले अडीच इंच जाड. राणे तडक नाक्यावरच्या चांभाराकडे गेले.

"तो बुटका गडी बूट करून घेऊन गेला ना? सोल आतून पोकळ आहे का?"

"पोकळ कशाला? टायरचा सोल आहे, भरीव," चांभार म्हणाला. "तुम्हाला पोकळ पायजे काय?"

चांभारही सामील आहे, असं राण्यांनी मनात लिहून ठेवलं.

शिवरात्रीला तीन दिवस होते. जयवंत दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार, देवगडजवळच्या कुणकेश्वराच्या जत्रेला जाणार, हे सगळ्या सोसायटीला कळलं होतं. म्हणजे हातात एकच दुपार होती. तो पहिल्या पाळीला गेलेला, साडेतीनशिवाय यायचा नाही. पुरुष कामावर, बायका पंखा लावून पडलेल्या. राण्यांनी पाना घेतला, दोरीची गाठ कशी आहे ते नीट बघून ठेवलं, सीटचे दोन नट सोडवले आणि सीट चादरीत गुंडाळून वर आणली. झडती घेताना घाई करू नये, असं ते नव्या पोरांना शिकवायचे. आज ते स्वतःच दोन दोन पायऱ्या एकदम चढून आले.

स्वयंपाकघराच्या फरशीवर सीट उलटी पडली. जानकीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. राण्यांनी ब्लेडने शिवण उसवली, रेग्झिन मागे ओढलं आणि उंचवट्यात हात घातला. हाताला कापड लागलं. कापडात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी, जड, गुळगुळीत. त्यांनी श्वास रोखून ते बाहेर काढलं, गुंडाळी सोडली.

आत लाकूड होतं. जेवायला बसायच्या पाटाचा अर्धा तुकडा, त्यावर पितळी फूलसुद्धा तसंच होतं.

"सोना गावला?" जानकीबाईंनी विचारलं.

"गप रव."

राण्यांनी पुढचा भाग उसवला, मागचा उसवला. फोम आणि काथ्या. ते मांडी घालून त्या पसाऱ्यात बसले आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की मागच्या वेळी महाडला वाट लागली ती पाठीची, म्हणून पाठ टेकायला तो पाट होता, पाय जमिनीला पोचावेत म्हणून सीट पातळ केली होती, आणि बाहेरून कोणाला कळू नये असं जयवंतला वाटत होतं ते अण्णा तेंडोलकरांच्या तोंडामुळे.

"बिचारो पोर," जानकीबाई म्हणाल्या. "आता ता भरा परत."

ते भरलं जाईना. चंद्रप्रकाशने दाबून बसवलेला फोम एकदा सुटला तो रुसलेल्या जावयासारखा पुन्हा जागेवर बसायला तयार होईना. एक कोपरा आत घातला की दुसरा बाहेर. जानकीबाई सीटवर बसल्या, राण्यांनी रेग्झिन ओढलं, ते टर्रकन आणखी चार बोटं फाटलं. घड्याळात पावणेदोन झाले होते.

राणे सीट घेऊन रिक्षाने स्टेशनजवळच्या गादीवाल्याकडे गेले. गादीवाल्याने सीट फिरवून बघितली. "कितना भरू, साहब?"

"होतं तेवढंच भर."

"कितना था?"

राण्यांनी दोन्ही तळहात समोर धरून जाडी दाखवली. पण जिवाची घालमेल चाललेली, तळहात एका जागी राहीनात. "आणि असं भर, की कोणाला कळता कामा नये."

गादीवाला माणूस मोठ्या मनाचा निघाला. त्याने पाट मध्ये ठेवला, जुना फोम भरला, वर नवा फोम घातला, फटीत कापूस ठासला आणि सगळ्याला सुईदोऱ्याने चारी बाजूंनी पक्के टाके मारले. वर थाप मारून म्हणाला, "बैठनेवाला याद करेगा, साहब."

तीन वीसला सीट जागेवर बसली. कापड वर गेलं, तीच गाठ पडली. साडेतीनला जयवंत आला, जाता जाता गाडीवर प्रेमाने हात ठेवून आत गेला. राणे गॅलरीतून बघत होते. त्यांना वाटलं, सुटलो.

सकाळी सहाला सोसायटी निरोप द्यायला खाली जमली. गावाला मोटरसायकलवर जाणारा जयवंत हा सोसायटीतला पहिलाच माणूस. गुडघे गेलेल्या आईला जत्रेला चालत जाता येत नाही, एसटीच्या गर्दीत चढता येत नाही, म्हणून तिला मागे बसवून न्यायची, असा त्याचा बेत होता आणि तो त्याने आधीच सगळ्यांना सांगितला होता. नवे बूट, पाठीला पिशवी, गळ्यात मफलर. अण्णांनी नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे ताटलीत घेऊन ते गाडीच्या उजव्या बाजूला उभे राहिले.

जयवंतने कापड काढलं आणि फारसं न बघता उडी मारून बसला. बसल्यावर त्याच्या चेहऱ्यावर किंचित आश्चर्य उमटलं. आपण उंच झालोय असं वाटून त्याला बरंच वाटलं असावं. त्याने किक मारली, गाडी धडधडली, त्याने ती साइड स्टँडवरून सरळ केली आणि डावा पाय खाली सोडला. खाली जमीन नव्हती. उजवा पाय सोडला. तिकडेही नव्हती. गाडी क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग अगदी शांतपणे उजवीकडे झुकत गेली. अण्णा "अरे, अरे" म्हणेपर्यंत गाडी, जयवंत, ताटली आणि अण्णा असे सगळे कुंड्यांच्या रांगेत जाऊन पडले.

आरसा फुटला. जयवंतचं कोपर सोलवटलं. अण्णांची लुंगी हँडलला अडकून टरकली. ते कुंड्यांमधून म्हणाले, "शिडी घे म्हटलं होतं ना तुला." एक जण हसला, आणि मग सगळेच हसले.

या वेळी जयवंत हसला नाही. त्याने गाडी उचलली, सीट दाबून बघितली, आणि म्हणाला, "ही माझी सीट नाही."

वाण्याच्या दुकानातून फोन गेला. तासाभरात चंद्रप्रकाश घाटकोपरहून हजर झाला. आधी त्या दोघांचंच जुंपलं. जयवंतला वाटलं, याने हलगर्जीपणा केला. चंद्रप्रकाशला वाटलं, याने दुसऱ्याकडून काम करून घेतलं. मग चंद्रप्रकाशने सीट उलटी केली आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

"हा टाका माझा नाही. हा गादीचा टाका आहे. कोणीतरी आत हात घातलाय, यार."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. जयवंतने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी पहिल्या मजल्यावरच्या शकुकडे बघितलं, कारण दुपारी ती वाळत घातलेले कपडे काढायला खाली येते. आणि मग जयवंत राण्यांकडे वळला.

"काका, तुम्ही एकतीस वर्षं हेच केलंत. तुम्हीच शोधून काढा. तुमचा शब्द मी मानीन."

राणे 'मी कशाला' म्हणत एक पाऊल मागे सरकले. पण जिन्याखाली त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली गेली, लोक रांगेत उभे राहिले, आणि एवढ्या वर्षांनी पुन्हा कोणीतरी त्यांच्यासमोर खिशातला रुमाल बाहेर काढून दाखवू लागलं. त्यांचा कणा आपोआप ताठ झाला.

"काल दुपारी कुठे होतात?"

"ऑफिसात," अण्णा म्हणाले. "मी कशाला त्याची सीट भरू? शकुला विचारा."

"मला काय विचारता?" शकु म्हणाली. "परवा अण्णाच गाडीजवळ उभे होते, वाकून बघत. मी डोळ्यांनी बघितलं."

"मी कुंड्या बघत होतो."

"कुंड्या तिकडं आहेत."

चौकशी तासभर चालली आणि तेवढ्या वेळात सोसायटीतली चार घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली. शकुने अण्णांचं दोन वर्षांपूर्वीचं पाण्याच्या टाकीचं प्रकरण काढलं, अण्णांनी शकुच्या नवऱ्याचं. राणे प्रश्न विचारत होते, उत्तरातली विसंगती पकडत होते, आणि रंगात येता येता मध्ये एकदा त्यांना खरोखरच वाटून गेलं की हा अण्णाच असला पाहिजे.

"मला कळलं," शेवटी जयवंत म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "दोन महिने जो मला हसतोय, त्यानेच केलंय. अण्णा, चला चौकीवर. तिथेच बोलू."

"मी? चौकीवर?" अण्णांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आधाराला खांब धरला. "राणे, तुम्ही सांगा ना याला. मी असा माणूस आहे का?"

राण्यांनी वर बघितलं. जानकीबाई जिन्याने उतरून शेवटच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या. त्या काही मोठ्याने बोलल्या नाहीत.

"तुमी सांगतास, की मी सांगू?"

राणे खुर्चीतून उठले. काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं, कारण गेटाच्या या बाजूला ते आयुष्यात कधी उभे राहिले नव्हते. मग त्यांनी सगळं सांगितलं. गोणपाट, महाड, बूट, ठक्क आवाज, पाटाचा तुकडा आणि गादीवाला. सांगताना मान खाली होती. बोलणं संपल्यावर त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कारण आता कानाखाली बसणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

अण्णांनी धरलेला खांब सोडला.

"सोनं?" जयवंत म्हणाला. "माझ्या सीटमध्ये?"

"चुकलं माझं, जयवंता."

"किती?"

"काय किती?"

"म्हणजे किती असेल असं वाटलं तुम्हाला?"

राण्यांनी चष्मा पुन्हा घातला. "उंचवट्याच्या मानाने... पन्नासेक बिस्किटं."

"पन्नास बिस्किटं," जयवंत हळूच म्हणाला आणि पायरीवर बसला. "माझ्याकडे. आणि मागे टोळी वगैरे?"

"टोळी असणारच असं धरलं होतं," राणे प्रामाणिकपणे म्हणाले. "तू साधा हमाल असशील असं वाटलं नाही. म्हटलं, कोणीतरी मोठा माणूस असणार."

मोठा माणूस. जयवंतने तो शब्द तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून बघितला. बत्तीस वर्षांत त्याला कोणी मोठा म्हटलं नव्हतं. कोणी घाबरलं नव्हतं, कोणी दार लावून घेऊन त्याच्याबद्दल कुजबुजलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले, मिशी थरथरली, आणि एवढा वेळ दाबून धरलेलं हसू पसरत पसरत पार कानापर्यंत गेलं.

"अण्णा," तो म्हणाला, "ऐकलंत ना काका काय म्हणाले?"

अण्णांनी ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं. चौकीचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

चंद्रप्रकाशने तिथेच सीट उसवली. राण्यांनी सगळा वेळ रेग्झिन ओढून धरलं, बोटं सुजेपर्यंत. पाट पुन्हा मध्ये नीट बसला, जादा फोम आणि कापूस बाहेर आला, जयवंतचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. वाण्याने स्वतःच्या स्कूटरचा आरसा काढून दिला. बुलेट कुठून आली हेही त्या निमित्ताने कळलं, जयवंतचे मामा मिलिटरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी दिली होती. पण ते सांगताना जयवंतने आवाज एवढा खाली आणला, की मागे उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांचा विश्वास बसला नाही.

दुपारी दोनला तो निघाला. रात्री महाडला मुक्काम करून उद्या देवगड. अण्णांनी नवी लुंगी नेसून स्वतः गेट उघडलं आणि बाजूला उभे राहिले. "सांभाळून जा हं, जयवंतराव."

जयवंतरावांनी मान हलवली, एवढीशी, आणि गाडी नवघर रस्त्याला लागली.

राणे गॅलरीत येऊन बसले. आपण वाचलो याचं समाधान त्यांना अर्धा तास पुरलं. मग ते अस्वस्थ झाले. उठले, येरझाऱ्या घातल्या, पुन्हा बसले.

"जानके, एक सांग. सरळ माणसाक सगळ्यांसमोर चोर म्हटला, तर तो काय करता?"

"कानफटात देता," जानकीबाई आतून म्हणाल्या.

"मगे ह्यो हसलो कित्याक?"

"किती बिस्किटां म्हणालास तुमी?" जानकीबाईंनी आतून विचारलं. त्या पदराला हात पुसत गॅलरीत आल्या, नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि दोघंही त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले.